ओटा फोडण्याआधी: जुन्या स्वयंपाकघराचे काम काढणाऱ्यांसाठी

कडप्प्याचा ओटा फोडून ग्रॅनाइट बसवावे की आहे ते राहू द्यावे? ट्रॉल्या स्टीलच्या घ्याव्यात की प्लायवूडच्या? चिमणी नाही बसवली तर चालेल का? भाड्याच्या घरात ओट्याला हात लावता येतो का? पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे स्वयंपाकघर बदलायला निघालेले वाचक हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. बहुतेकांची सुरुवात ट्रॉल्यांच्या शोरूमपासून होते आणि गोंधळही तिथेच सुरू होतो. शटरचा रंग आधी ठरतो. मग पाइप, वायर, गॅस आणि हवा यांची सोय उरलेल्या जागेत, उरलेल्या पैशांत कशीबशी लावली जाते.

आमचे सांगणे एकच आहे: भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली जाणारा पैसा सर्वांत आधी बाजूला काढा. शटर पाच वर्षांनीही बदलता येते. टाइल्समागचा पाइप बदलायचा तर सगळे पुन्हा फोडावे लागते.

घर कशाचे आहे, आणि कोणाचे?

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ या भागांत दगड-मातीच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंतींची घरे अजून आहेत. तुमचे घर तसे असेल, तर वायर आणि पाइपसाठी भिंतीला झिऱ्या पाडू देऊ नका. माती सुटत जाते आणि भिंत पोकळ होते. वायरिंग भिंतीवरून पट्टीतून न्या. डोक्यावरची कपाटे भिंतीला टांगण्याऐवजी जमिनीवर पाय टेकणारी उभी मांडणी करा. शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या भिंतीत त्यांना न विचारता काहीही ठोकू नका.

विटा-सिमेंटच्या स्वतःच्या घरात ओटा, टाइल्स, नळ, सिंक बदलण्यासाठी महापालिकेची बांधकाम परवानगी सहसा लागत नाही. भिंत पाडून हॉल आणि स्वयंपाकघर एक करायचे असेल, बाल्कनी आत घ्यायची असेल किंवा मोकळ्या जागेत खोली वाढवायची असेल, तर मात्र आधी परवानाधारक अभियंत्याला घर दाखवा आणि परवानगीचे विचारा. कोणत्या भिंतीवर वजन आहे, हे गवंड्याने ठोकून पाहून ठरवायचे नसते.

फ्लॅट असेल तर सोसायटीच्या समितीला लेखी अर्ज द्या. बांधकामात फेरफार करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी, असे सहकारी गृहनिर्माण संस्थांचे उपविधी सांगतात. काम सुरू करण्याआधी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताचे फोटो काढून ठेवा, तेही त्यांच्यासमोर. पुढे ओल आली, तर ती जुनी की नवी यावर वाद होणार नाही. तुमच्या सिंकमधून किंवा मोरीतून खाली गळती झाली, तर ती दुरुस्त करण्याचा खर्च तुमचाच असतो.

भाडेकरूंना कायदा काय देतो

जुन्या पेठांमध्ये दोन-दोन पिढ्या भाड्याने राहणारी कुटुंबे आहेत, आणि ओट्याला हात लावला तर मालक घर खाली करायला लावेल या धास्तीने ती फुटक्या ओट्यावर दिवस काढतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 त्यांना लागू असेल, तर तीन गोष्टी त्यांनी जरूर लक्षात ठेवाव्यात.

- मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केले, तर ते घर खाली करून मागण्याचे कारण ठरू शकते. पण हे कारण सांगणाऱ्या कलम 16 च्याच स्पष्टीकरणात स्वयंपाकघरातला उभा ओटा, लाकडी पार्टिशन, हवेसाठी आवश्यक खिडकी, एक्झॉस्ट आणि धुराची चिमणी ही कामे ‘कायमस्वरूपी बांधकामा’तून वगळली आहेत. जिथे महापालिकेची परवानगी लागते, तिथे ती घ्यायची. बसवलेली वस्तू काढताना घराचे कायमचे नुकसान होईल असे काम मात्र करायचे नाही.
- घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. गळके छप्पर किंवा कुजलेला पाइप तो दुरुस्त करत नसेल, तर किमान 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन तुम्ही स्वतः दुरुस्ती करू शकता आणि तो खर्च भाड्यातून वळता करू शकता. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये.
- नव्या ट्रॉल्या, ग्रॅनाइट, हॉब या सुधारणा ‘दुरुस्ती’त बसत नाहीत. त्यांचा खर्च भाड्यातून कापू नका.

कायद्याने मुभा दिली असली, तरी मालकाला पत्र देऊन पोच घ्या. प्रकरण न्यायालयात गेले, तर तो कागद कामी येतो.

पुराचे पाणी येणाऱ्या भागात

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन्ही वेळी नदी धोका पातळीच्या दहा फुटांहून अधिक वर गेली होती. त्या दोनपैकी एकदा जरी तुमच्या तळमजल्यावर पाणी आले असेल, तर शोरूममधला सल्ला बाजूला ठेवा.

ओट्याखाली प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांपैकी काहीही नको. दोन दिवस पाण्यात राहिलेला पार्टिकल बोर्ड फुगतो आणि पुन्हा मूळ आकारात येत नाही. इथे जुना कडप्पाच सर्वांत शहाणा आहे. कडप्प्याच्या उभ्या फळ्या, त्यांत उचलून नेता येतील अशा स्टीलच्या ट्रॉल्या, आणि अॅल्युमिनियमची शटर. पाणी ओसरले की धुऊन पुसून सगळे परत जागेवर. सॉकेट आणि एमसीबीची पेटी मागच्या पुराच्या खुणेच्या वर घ्या. ड्रेनेजच्या पाइपला उलटे पाणी थांबवणारा व्हॉल्व्ह बसवा, कारण पाणी दारातून येण्याआधी मोरीच्या जाळीतून वर येते.

ओट्याची उंची: भाकरी थापून ठरवा

दुकानदार 34 इंच सांगेल, गवंडी 32 म्हणेल. दोघेही तुमच्या ओट्यावर स्वयंपाक करणार नाहीत. जो माणूस रोज ओट्याशी उभा राहतो, त्याच्या कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा असावा, हा साधा नियम आहे. कोल्हापूरकडच्या घरांत या नियमाला एक दुरुस्ती हवी, कारण इथे भाकरी रोजची आहे. भाकरी थापताना खांद्यातून जोर खाली येतो आणि काटवटीचीही स्वतःची उंची असते. 34 इंचांच्या ओट्यावर काटवट ठेवली, की पाच फूट उंचीच्या बाईचे हात खांद्याकडे उचलले जातात. महिन्याभरात मान आणि खांदा दुखू लागतो, आणि दोष वयाला दिला जातो.

म्हणून ओटा फोडण्याआधी एक सकाळ यासाठी द्या. टेबलावर पाट किंवा फळ्या रचून 30, 32 आणि 34 इंच अशा तीन उंची करा. प्रत्येक उंचीवर काटवट ठेवून दोन-दोन भाकरी थापा, कांदा चिरा, आणि शेगडी ठेवून तिच्यावर रविवारच्या रश्श्याचे पातेले चढवून पळीने ढवळून बघा. शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते आणि पातेले त्याहून वर येते. चिरण्याला सोयीची उंची ढवळायला जास्त होते, हे तेव्हा आपसूक कळेल. जागा असेल तर शेगडीखालचा ओट्याचा तुकडा तीन-चार इंच खाली घ्या. गवंड्याला हे काम अवघड नाही. तो कुरकुर करेल, कारण ग्रॅनाइटचा एक सांधा वाढतो.

घरात दोघे-तिघे स्वयंपाक करत असतील, तर जो जास्त वेळ उभा राहतो त्याच्या मापाने जा. सासूबाईंना आता बसूनच भाजी निवडावी लागत असेल, तर खिडकीजवळ बसती जागा ठेवा. त्यांना ओट्यापाशी उभे राहायला लावणारे स्वयंपाकघर कितीही देखणे असले, तरी ते चुकलेले आहे.

दगड कोणता?

कडप्पा मऊ दगड आहे. लिंबू, चिंच, दही सांडले की त्यावर पांढरट डाग पडतो. काळे ग्रॅनाइट अशा आंबट पदार्थांना दाद देत नाही आणि गरम भांडेही सोसते. ओट्याच्या वरच्या भागासाठी आमची पसंती काळ्या किंवा गडद ग्रॅनाइटलाच. पांढरे क्वार्ट्झ चित्रात छान दिसते, पण त्यात रेझिन असते. तापलेला तवा थेट ठेवला तर ते खराब होते, आणि हळद व तांबड्या रश्श्याचा डाग वेळीच पुसला नाही तर राहतो. संगमरवराचा विचारही नको.

जुना ओटा फोडताना खालच्या कडप्प्याच्या फळ्या जपून काढायला सांगा. त्या धुऊन पुन्हा मांडणीत वापरता येतात. टाइल्सच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरले, तर ते काही महिन्यांत हळदीने पिवळे पडते. तिथे इपॉक्सी ग्राउट घ्या. महाग पडते, पण फक्त ओट्यामागच्या भिंतीपुरतेच लागते.

ग्रॅनाइटचे बिल करताना सिंक आणि हॉबसाठी कापून टाकलेला तुकडाही मोजला जातो. कडेच्या मोल्डिंगचा दर धावत्या फुटावर वेगळा असतो. दोन्ही आधी विचारून घ्या आणि कापलेले तुकडे मागून घ्या. देव्हाऱ्याखाली किंवा खिडकीच्या चौकटीला ते उपयोगी पडतात.

पाणी आणि मोरी

जुन्या घरात लोखंडी पाइप असेल, तर तो आता आतून गंजलेला असणार. पाइप सीपीव्हीसी करा. टाइल्स लावण्याआधी पाइपमध्ये दाबाने पाणी भरून एक दिवस ठेवायला सांगा आणि प्रत्येक सांधा स्वतः हात लावून बघा. मोरीच्या जागी वॉटरप्रूफिंग केल्यावर पाणी कोंडून किमान 24 तास ठेवा.

नव्या आराखड्यात कोपऱ्यातली मोरी सर्वांत आधी काढून टाकली जाते. जागा असेल तर ती ठेवा, असे आम्ही आग्रहाने सांगू. पाव्हणे आले की पाच किलो मटणाचे पातेले सिंकमध्ये मावत नाही. ते घासायला मग बाथरूममध्ये न्यावे लागते. पूर्ण मोरी नको असेल, तर निदान 24 बाय 18 इंचांचे, नऊ-दहा इंच खोल सिंक घ्या.

सिंक आणि ट्रॉल्या 304 ग्रेडच्या आहेत हे दाखवायला काही दुकानदार लोहचुंबक लावतात. स्वस्तातल्या 202 ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे ही परीक्षा निरुपयोगी आहे. मीठ आणि चिंचेच्या पाण्याने 202 लवकर डागाळते. ग्रेड बिलावर लिहून मागा.

वीज

तीस वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरात एक बल्ब आणि मिक्सरचा एक पॉइंट असायचा. आता फ्रिज, ओव्हन, इंडक्शन, आरओ, चिमणी आणि गिझर. एक इंडक्शन शेगडीच सुमारे 2000 वॉटची असते.

- मोठ्या उपकरणांना 16 अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट आणि किमान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. ओव्हनला 4 चौरस मिलिमीटरची.
- 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चालू स्थितीतले अर्थिंग. ओल्या हाताच्या खोलीत यावर पैसे वाचवू नका.
- सॉकेट शेगडीच्या बरोबर वर किंवा सिंकला चिकटून नको.
- एकूण भार वाढणार असेल, तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

गॅस, धूर आणि चटणीचा दिवस

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर ट्रॉलीच्या बंद कप्प्यात ठेवायचा असेल, तर त्या शटरला खालच्या बाजूला जाळी हवीच, आणि खोलीतही जमिनीलगत हवा जायला वाट हवी. पाइपने येणारा नैसर्गिक वायू उलट हलका असतो. त्यासाठी छताजवळ झरोका लागतो. कोल्हापूर जिल्ह्यात पाइप गॅसचे काम एचपीऑईल गॅस कंपनीकडे आहे. आज तुमच्या गल्लीत लाइन नसली, तरी उद्याचा विचार करून दोन्हीकडे झरोके ठेवा. कंपनीचा पाइप प्लंबरकडून हलवून घेऊ नका, आणि तो टाइल्सच्या आत गाडून टाकू नका.

सिलिंडरची रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी. ती भिंतीतून किंवा ट्रॉलीच्या पाठीमागून लपवून नेऊ नये, आणि पाच वर्षांनी बदलावी. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर असावी. गळतीच्या तक्रारीसाठी 1906 हा क्रमांक आहे. तो कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

चिमणी हवीच का? खिडक्या समोरासमोर आणि मोठ्या असतील, तर 12 इंचांचा एक्झॉस्ट पंखा पुरतो आणि खर्च बराच वाचतो. खोली बंदिस्त असेल, फोडणी रोजची असेल आणि आठवड्याला मटण होत असेल, तर चिमणी घ्या. ती शेगडीपासून 26 ते 30 इंच वर असावी, सहा इंचांच्या पाइपने आणि कमीत कमी वळणांनी धूर बाहेर सोडणारी असावी. हवा गाळून खोलीतच परत सोडणारी चिमणी आपल्या स्वयंपाकाला उपयोगाची नाही. पाइपचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे आहे का, हेही पाहा.

वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या, खोबरे आणि मसाला भाजण्याचे काम कोणत्याही चिमणीच्या आवाक्यातले नाही. परसात किंवा गच्चीवर शेगडी नेऊन ठेवता येईल अशी सोय करा. डंकावरून कुटून आणलेल्या चटणीच्या बरण्या, गुळाची ढेप, वर्षाचे तांदूळ आणि ज्वारी कुठे राहणार, हे आराखड्यावर लिहा. आयत्या मॉड्युलर आराखड्यांत पातळ काचेचे डबे आणि वाइन ग्लासची जागा असते, पण पंधरा किलोच्या डब्याला जागा नसते. जड डबे तळाशी, कडप्प्याच्या फळीवर ठेवा. ट्रॉलीच्या चॅनेलवर एवढे वजन टाकू नका.

ट्रॉल्या घेताना मोजमाप तपासा

इथेच सर्वांत जास्त वाद होतात. दर बहुधा समोरून दिसणाऱ्या भागाच्या चौरस फुटावर सांगितला जातो. दहा आणि आठ फुटांच्या बाजू असलेला एल आकाराचा ओटा घ्या. कोपऱ्यातले दोन फूट दोन्ही बाजूंत मोजले गेले, तर अडीच फूट उंचीला पाच चौरस फुटांचे पैसे दोनदा जातात. कोपरा एकदाच मोजायला लावा. शेगडीखालची मोकळी जागा आणि सिंकखालचा कप्पा यांना पूर्ण दर का, हेही विचारा. चॅनेल, हँडल, कप-सॉसरची जाळी यांचे दर वेगळे असतील, तर ते त्याच कागदावर हवेत.

लाकूडकाम करायचेच असेल, तर सिंकजवळ आणि ओट्याखाली आयएस 710 ची खूण असलेले प्लायवूड घ्या. ‘वॉटरप्रूफ’ असे तोंडी सांगितलेले पुरेसे नाही. खूण प्रत्येक शीटवर छापलेली असते. कापण्याआधी तिचा फोटो घ्या.

काम कधी, कोणत्या क्रमाने

कोल्हापूरच्या पावसात सुतारकाम काढू नका. लाकूड ओल धरते आणि दिवाळीनंतर शटर बसेनाशी होतात. गणपती आणि दिवाळीच्या आधी कारागीर मिळत नाहीत, मिळाले तर घाईत असतात. संक्रांतीनंतर काम सुरू करून चटणीच्या हंगामाआधी संपवणे सर्वांत सोयीचे.

तोडफोड, मग पाइप आणि वायर, त्यांची तपासणी, वॉटरप्रूफिंग, ओटा, टाइल्स, रंग, आणि शेवटी ट्रॉल्या. ओट्याच्या काँक्रीटवर किमान सात दिवस, उन्हाळ्यात दहा दिवस पाणी मारा. ट्रॉल्यांचे माप ग्रॅनाइट आणि टाइल्स बसल्यावरच द्या. आधी दिलेले माप अर्धा इंच तरी चुकतेच. भिंत बंद होण्याआधी पाइप आणि वायरींचे फोटो मोजायची टेप लावून काढा. राडारोडा कोण आणि कुठे टाकणार, हे आधी ठरवा. तो जयंती नाल्यात किंवा गल्लीच्या गटारीत गेला, तर पावसाळ्यात पाणी तुमच्याच दारात थांबते.

पैसे, कागद आणि तक्रार

ठेकेदार ओळखीचा असला तरी कागद करा. स्टॅम्प पेपर नसला तरी चालेल. मालाचे नाव, जाडी, ग्रेड, दर, मोजण्याची पद्धत, वाळू-सिमेंट कोणाचे, मुदत, आणि गळती निघाली तर कोण दुरुस्त करणार, एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्या. आगाऊ रक्कम 20 टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. पुढचे हप्ते तारखेवर न ठेवता कामाच्या टप्प्यांवर ठेवा. शेवटचे दहा टक्के महिनाभर वापर झाल्यावर द्या. जीएसटी वाचवतो म्हणून कच्ची पावती घेतली, तर तक्रार करताना हातात काहीच राहत नाही.

काम निकृष्ट झाले, माल सांगितलेला नसला किंवा पैसे घेऊन काम अर्धवट सोडले, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार ती सेवेतील त्रुटी किंवा सदोष माल ठरतो. आधी लेखी नोटीस द्या. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तोडगा निघाला नाही, तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जा. ठेकेदार किंवा कंपनी पुण्या-मुंबईची असली, तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. 50 लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे चालतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारांना शुल्क नाही, आणि वकील लावण्याची सक्ती नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही अर्ज भरता येतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून पावत्या, करारनामा आणि व्हॉट्सअॅपवरचे संदेश तोवर तरी पुसू नका.